गाडीत लपवलेला शार्क आणि लपवलेलं हँडल

गाडीत काहीतरी लपवायची हौस जुनीच आहे. 1936 च्या कॉर्ड 810 चे हेडलाईट मडगार्डच्या आत जायचे, बाहेर काढायला डॅशबोर्डवरचे हँडल फिरवावे लागायचे. 1956 च्या शेव्हरोले बेल एअरमध्ये पेट्रोल भरायचं तोंड डाव्या टेललाईटच्या मागे होतं. बाहेरून पत्रा सलग आणि स्वच्छ दिसावा एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

हल्ली ज्याला सगळे सरसकट ‘ईस्टर एग’ म्हणतात, म्हणजे निव्वळ गंमत म्हणून लपवलेली गोष्ट, तो प्रकार मात्र बराच नंतरचा. 1997 मॉडेलच्या रँग्लरमध्ये समोरच्या काचेखालच्या पत्र्यावर जीपची ती ओळखीची सात फटींची जाळी छोट्या आकारात आली आणि तिथून जीपवाल्यांना जणू नादच लागला. 2014 साली दाखवलेल्या रेनेगेडमध्ये तर पेट्रोलचं झाकण उघडलं की आत कोळी दिसतो आणि तो ‘चाओ बेबी’ म्हणतो, इंजिनाचा आरपीएम दाखवणाऱ्या डायलवरचा लाल भाग चिखल उडाल्यासारखा रंगवलाय, टेललाईटवरची फुली जुन्या लष्करी जेरी कॅनवरून (इंधनाच्या डब्यावरून) घेतलीय.

पण माझा सगळ्यात आवडता ओपेल या जर्मन कंपनीचा शार्क. 2004 मध्ये एक डिझायनर घरी बसून नव्या कोर्साच्या ग्लोव्ह बॉक्सच्या बाजूची प्लास्टिकची भिंत काढत होता. तिथे मजबुतीसाठी आडव्या कडा द्यायच्याच होत्या, तेवढ्यात मुलगा म्हणाला, बाबा इथे शार्क काढा ना. त्याने काढला, वरिष्ठांनी ठेवला, आणि 2006 ला गाडी आली ती शार्क घेऊनच. पॅसेंजरच्या बाजूचा दरवाजा बंद असला की तो झाकलेला, उघडून वाकून बघितलं तरच दिसतो. पुढे ओपेलच्याच झाफिरात शार्कचं अख्खं कुटुंब आलं. कितीतरी मालक वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि त्यांना पत्ताच नसतो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही.

खरा घोळ आहे तो शब्दाचा. ‘ईस्टर एग’ हा शब्द 1980 च्या सुमारास व्हिडिओ गेममधून आला, कंपनी नाव देत नव्हती म्हणून एका प्रोग्रामरने गेममधल्या एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव लपवलं होतं. म्हणजे मुळात अर्थ असा की सापडलं तर मजा, नाही सापडलं तरी नुकसान शून्य. आता मात्र ‘गाडीतल्या दहा लपलेल्या गोष्टी’ टाईप याद्यांमध्ये शार्क, कोळी, पेट्रोलच्या काट्याजवळचा बाण, डिकीच्या आतलं हँडल सगळं एकाच टोपलीत टाकतात. तो बाण काही गंमत नाहीये. 1986 मध्ये फोर्डचा एक इंजिनिअर पेट्रोल भरताना गाडी चुकीच्या बाजूने लावून बसला, पावसात भिजला आणि त्याने लगेच मेमो लिहिला की टाकी कुठल्या बाजूला आहे ते काट्याजवळच दाखवा. 1989 मॉडेलच्या गाड्यांत बाण आला. लपवायला नाही, दिसायला आला.

डिकीतल्या हँडलची गोष्ट तर वाचवत नाही. 1998 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तीन आठवड्यांत तीन घटनांमध्ये 11 मुलं डिकीत अडकून दगावली, त्यानंतर नियम झाला आणि सप्टेंबर 2001 पासून तिथे बनणाऱ्या डिकीवाल्या गाड्यांना आतून उघडायची सोय सक्तीची झाली. अंधारात चमकणारं हँडल त्यातूनच आलं. ते लहान मुलाला दिसलंच पाहिजे, ‘गुप्त फीचर’ म्हणून मिरवणं मला अजिबात पटत नाही.

याच घोळातून हेडरेस्टची अफवा पण फिरते, की ते काच फोडायला मुद्दाम काढता येतात. तसं नाहीये. हेडरेस्ट मानेसाठी आहे, अमेरिकेत पुढच्या सीटला 1969 पासून सक्तीचं, आणि दांडे सुटतात ते उंची बदलायला, कव्हर घालायला. बाजूची काच लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा थर असलेली) असेल तर ती त्याने फुटून वाट मोकळी होणारच नाही.

आणि आता वादाचा मुद्दा, दरवाज्याचं हँडल. 2012 च्या टेस्ला मॉडेल एसने दरवाज्यात सपाट बसणारं, जवळ गेलं की बाहेर येणारं हँडल लोकप्रिय केलं, मग इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये त्याची लाटच आली. कारण दिलं जातं हवेचा अडसर कमी होतो, पण माझ्या मते निम्मं कारण दिखावा आहे. वीज गेली तर? काही गाड्यांत मागच्या दरवाज्याच्या कप्प्यातली मॅट उचलायची, खालचं छोटं झाकण काढायचं आणि आतली केबल ओढायची, तेव्हा दार उघडतं. धुराने भरलेल्या गाडीत मागे बसलेल्या पाहुण्याला हे कुठून सुचणार? इथे लपवणं म्हणजे सरळ सरळ धोका आहे.

2025 मध्ये अमेरिकेत अशा हँडलांची चौकशी सुरू झाली. चीनने 2026 च्या सुरुवातीला थेट नियमच काढला: 1 जानेवारी 2027 पासून नव्या गाड्यांचे दरवाजे आतून आणि बाहेरून विजेशिवाय उघडले पाहिजेत, बाहेर हात घालायला खाच हवी आणि आतलं हँडल कुठे आहे ते खुणेने दाखवायला हवं. आधीच मंजूर झालेल्या मॉडेलना बदलासाठी 2029 पर्यंत मुदत दिलीय.