मराठी कवितेतील नाद आणि अर्थ

कवितेतील वर्णांची आवर्तने, यमक, लय आणि यती (ओळीतला थांबा) यांतून अर्थाला जे वळण मिळते, त्याचा विचार काव्यशास्त्र फार पूर्वीपासून करत आले आहे. संस्कृत काव्यमीमांसकांनी अलंकारांचे शब्दालंकार आणि अर्थालंकार असे दोन गट पाडले. मूळ शब्द काढून समानार्थी शब्द घातला की जो मोडतो तो शब्दालंकार, जो टिकतो तो अर्थालंकार, अशी त्यांची कसोटी होती. अनुप्रास आणि यमक पहिल्या गटात येतात. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त वर्णांचा संबंध थेट काव्यगुणांशी जोडला : जोडाक्षरे, महाप्राण (ख, घ, ध यांसारखे हकारयुक्त वर्ण) आणि ट-वर्ग (ट, ठ, ड, ढ) ओजाला, म्हणजे जोशाला, पोषक, तर ट-वर्ग टाळून केलेली अनुनासिकयुक्त मृदू रचना माधुर्याला. शालेय व्याकरणात मात्र अनुप्रास म्हणजे अक्षरांच्या पुनरावृत्तीने आलेली शोभा, एवढेच शिकवले जाते. ही व्याख्या अपुरी आहे. चांगल्या कवितेत नाद अर्थ घडवायला हातभार लावतो, आणि मराठीत याचे दाखले अगदी तोंडपाठ असलेल्या ओळींत सापडतात.

समर्थ रामदासांनी (१६०८–१६८१) केलेले धबधब्याचे वर्णन असेच आहे. ते महाडजवळच्या शिवथर घळीचे मानले जाते :

गिरीचे मस्तकीं गंगा । तेथुनी चालली बळें ।
धबाबा लोटती धारा । धबाबा तोय आदळे ॥

छंद अनुष्टुभ, प्रत्येक चरणात आठ अक्षरे. पहिल्या दोन चरणांत पाणी अजून डोंगरमाथ्यावर आहे आणि क्रियापद आहे ‘चालली’. तिसऱ्या चरणात ते ‘लोटते’, चौथ्यात ‘आदळते’. या दोन्ही चरणांच्या तोंडाशी ‘धबाबा’ उभा आहे. त्यात एक लघू (ऱ्हस्व) आणि दोन गुरू (दीर्घ) अक्षरे, म्हणजे यगण हा गण : उच्चार झटकन सुटतो आणि पुढे लांबत जातो. ‘ब’साठी ओठ दोनदा मिटून उघडतात आणि दोन्ही वेळा ‘आ’ मोकळा सुटतो. ‘धबधबा’ हे रोजच्या वापरातले नाम होते. रामदासांनी त्याची अक्षरे मोकळी करून त्यातून पडण्याची क्रिया काढली. संस्कृत छंदाच्या चौकटीत अस्सल मराठी अनुकरणवाचक शब्द बसवण्याचे धाडसही लक्षात घ्यावे असे आहे. अर्थात ध आणि ब यांत मुळात पाणी नाही. ‘धाबळी’ आणि ‘धब्बा’ या शब्दांतही तेच वर्ण आहेत. ‘गंगा’, ‘लोटती’, ‘धारा’ यांनी दिशा दाखवल्यावरच तो नाद पाण्याचा होतो.

यमकाचे काम याहून वेगळे. ते दोन शब्दांना एकमेकांसमोर आणून उभे करते. तुकारामांच्या प्रसिद्ध अभंगाचा पहिला चरणगट पाहावा : ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनियां’. मोठ्या अभंगाची ही सहा-सहा-सहा-चार अक्षरांची मांडणी, आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या खंडात. इथे जुळणारे शब्द आहेत ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’. पायाखालची वीट आणि कमरेवरचे हात या दोन ठिकाणांत विठ्ठलाची सारी मूर्ती येते. ती दोन ठिकाणे यमकाने सांधली आहेत, त्यामुळे ऐकणाऱ्याची नजर खालून वर जाते. शेवटचा चार अक्षरांचा खंड यमकाबाहेर राहतो. ‘ठेवोनियां’ या शब्दाने वाक्य पुरे होत नाही, ते तसेच उघडे राहते, आणि त्या थांबण्यात देवाचे उभे राहणे ऐकू येते. टाळांच्या साथीने अभंग म्हणताना हा आखूड खंड पूर्ण लांबीचा वेळ घेतो, म्हणून तिथला स्वर ताणला जातो.

यमकाबाहेर राहिलेल्या शब्दाचे वजन ओवीत फार स्पष्ट दिसते. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२, इ. स. १२९०) ओवीत साधारणपणे पहिले तीन चरण सयमक आणि चौथा आखूड, निर्यमक असतो. पहिलीच ओवी : ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा’. आद्या, प्रतिपाद्या, संवेद्या ही संबोधने एकामागून एक त्याच नादात येतात. कान चौथ्यांदाही ‘द्या’ची वाट पाहतो आणि तिथे ‘आत्मरूपा’ येते. ज्याचे वर्णन वेदांनी करायचे त्याच्यापासून ओवी आपल्या आतल्या रूपापाशी पोहोचते, आणि नेमक्या त्या जागी नाद बदलतो. ज्ञानेश्वरांना या सामर्थ्याची पुरती जाण होती. सहाव्या अध्यायात अमृताशी पैज जिंकणारी अक्षरे मेळवण्याची प्रतिज्ञा केल्यावर ते म्हणतात की या बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांत आपसांत भांडण लागेल. नादाचा हा विचार एखाद्या अलंकारग्रंथाच्या तोडीचा आहे.

ग्रंथातल्या ओवीच्या मागे जात्यावरची ओवी आहे. दळणाऱ्या बाईच्या हाताची फेरी तिची लय ठरवते, म्हणून तिच्यात अक्षरसंख्या काटेकोर नसते. कमी पडलेले अक्षर गळा भरून काढतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) याच श्रमाच्या लयीत वाढल्या. ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर, आधी हाताला चटके, तंव्हा मिळते भाकर’ : आठ-आठ अक्षरांचे चार चरण. संसार, चुल्ह्यावर, भाकर यांचे यमक जुळते आणि ‘चटके’ तेवढे बाहेर राहतात. ‘च’ आणि ‘ट’ हे अल्पप्राण, तुटक वर्ण. ते या कडव्यात सगळ्यात जास्त बोचतात.

पंडित कवींच्या काळात यमकाचा ध्यास कधी कधी अर्थावर मात करू लागला. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव मिळाले ते त्यामुळेच. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) रामकथा नाना बंधनांत रचली. त्यांच्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत, म्हणजे ‘राम’ हे नावच येऊ शकत नाही. कौशल्य थक्क करणारे आहे. पण बंधन आधी ठरवून कथा त्यात बसवली, की नाद कथेतून उगवत नाही.

आधुनिक काळात बालकवींनी (१८९०–१९१८) नाद पुन्हा दृश्याच्या जवळ आणला. ‘औदुंबर’ची सुरुवात ‘ऐल तटावर पैल तटावर’ अशी आहे. ‘तटावर’ दोनदा आल्याने ओळीलाच दोन काठ होतात आणि मग त्यांच्या मधून ‘निळासावळा झरा’ वाहतो. मर्ढेकरांनी (१९०९–१९५६) याच्या उलट वाट धरली. ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’ या ओळी सोळा मात्रांच्या (लघूची एक, गुरूच्या दोन), आठ-आठच्या सरळ ठेक्यात आहेत. लहान मुलांनी टाळ्या वाजवत म्हणावे असे हे माप, आणि त्यात मेलेले उंदीर. ठेका जराही बिघडत नाही, म्हणून मरणाचे ते सवयीचे होणे अंगावर येते. ‘मुरगळल्याविण’ हा एकच शब्द अर्धी ओळ अडवतो. सलग चार लघू उच्चारताना जिभेलाही पीळ पडतो. माना कुणी मुरगळल्या नाहीत असे वाक्य सांगते, आणि मुरगळण्याची क्रिया तेवढ्यात तोंडात घडून जाते.

छंदांच्या शास्त्रीय अभ्यासाची भक्कम पायाभरणी माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथाने केली. अनिल (आ. रा. देशपांडे) यांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला. तिथे मात्रांचे बंधन सुटल्याने ओळ कुठे तोडायची आणि कोणता शब्द पुन्हा आणायचा, यांवर सारा भार आला. त्याच अनिलांनी पुढे दहा सयमक ओळींची ‘दशपदी’ ही बांधीव रचना घडवली आणि त्या नावाच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.