लेक (इंग्रजी नाम) : अर्थ आणि मराठीतले समानार्थी शब्द

लेक म्हणजे चारी बाजूंनी जमीन आणि मधे एका जागी थांबलेलं बऱ्यापैकी मोठं पाणी. मराठीत सरळ अर्थ तलाव, तळं किंवा सरोवर. मूळ शब्द लॅटिनमधला 'लाकुस', तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि लाकुस म्हणजे तळंही आणि हौदही. इंग्रजीत जवळपासचे शब्द म्हणजे पाँड, पूल, लगून, रिझर्व्हॉयर, उत्तर इंग्लंडकडे टार्न आणि मियर, स्कॉटलंडमधे लॉख. लहान असेल तर पाँड आणि मोठं असेल तर लेक असं शाळेत सांगतात पण नेमकं किती मोठं झालं की लेक म्हणायचं यावर जगात एकमत नाही. कॅस्पियन समुद्राला नाव समुद्राचं आहे तरी तो जगातला सगळ्यात मोठा लेक धरला जातो, आणि इंग्लंडच्या प्रसिद्ध लेक डिस्ट्रिक्टमधे नावात 'लेक' असलेलं मोठं तळं एकच, बॅसेनथ्वेट लेक, बाकी सगळी मियर, वॉटर नाहीतर टार्न. म्हणजे तिकडच्या गावकऱ्यांनी पण आपापले जुने शब्द सोडलेले नाहीत हे लक्षात घ्यावं.

मराठीत हा शब्द लिहिताना पहिली अडचण म्हणजे आपल्याकडे लेक आधीपासून आहे, ती लेक, म्हणजे मुलगी. लेकीबाळी, लेकरू, लेकी बोले सुने लागे, आणि कोल्हापुरात तर मित्राला हाक मारतानाच "काय लेका" म्हणतात. त्यामुळे 'लेक' टाइप करून शोधलं की एकीकडे कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचे फोटो आणि दुसरीकडे लेक लाडकी योजनेची माहिती असं एकत्र येतं. फरक लिंगावरून कळतो, मुलगी ती लेक आणि पाण्याचा तो लेक. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, नुसता उच्चार जुळलाय.

इंग्रजीत अजून एक लेक आहे तो फार कमी लोकांना माहीत असतो. चित्रकलेच्या रंगांच्या ट्यूबवर 'क्रिमझन लेक' असं लिहिलेलं असतं, त्या लेकचा पाण्याशी संबंध नाही, तो आला आपल्या लाखेवरून, संस्कृत लाक्षा, लाखेच्या किड्यापासून जो लाल रंग मिळायचा त्यावरून. कोल्हापूर हे चित्रकारांचं गाव आहे, इथे रंगपेटी घेऊन रंकाळ्यावर लँडस्केप करायला बसणारी पोरं कायम दिसतात, त्यांच्या समोर एक लेक आणि पेटीत दुसरा लेक असतो.

आता समानार्थी शब्द. पुस्तकी यादी मोठी आहे: सरोवर, जलाशय, तडाग, कासार, ह्रद, सर. यातला सरोवर वापरात आहे पण तो मोठ्या, नैसर्गिक आणि जरा मान द्यायच्या पाण्याला, लोणार सरोवर म्हणतो, मानस सरोवर म्हणतो, 'रंकाळा सरोवर' कुणी म्हणत नाही. जलाशय हा सरकारी कागदावरचा. कासार म्हटलं तर आज बांगड्या भरणारा कासारच डोळ्यासमोर येतो. ह्रदवरून मात्र डोह आला आणि तो जिवंत आहे, पण डोह नदीतला, वाहत्या पाण्यातली खोल जागा, तो लेकचा समानार्थी नाही. हिंदीतला झील तर मराठीत अजिबात चालत नाही, आपल्याकडे झील धरतात ती गाण्याच्या मागे.

खरी मजा बोलीतल्या शब्दांत आहे. इंग्रजी लेक आकार सांगतो, आपले शब्द पाणी तिथं कसं आलं आणि कशासाठी ठेवलंय ते सांगतात. बांध घालून अडवलं तर तलाव, खडकात खोदलं तर टाकं, देवळाजवळ पायऱ्या बांधून ठेवलं तर कुंड किंवा पुष्करिणी, जमिनीत मुरवायला अडवलं तर पाझर तलाव, पावसाचं नुसतं साचलं तर डबकं. आणि दगड काढून उरलेल्या खड्ड्यात साठलं तर खण. हा खण शब्द कोल्हापूरकराला समजावून सांगावा लागत नाही, इराणी खण गणपती विसर्जनामुळे सगळ्यांना पाठ आहे. खुद्द रंकाळा पण मुळात दगडाची खणच होता, तिथला दगड अंबाबाईच्या देवळाला गेला आणि पुढे भूकंपात जमीन हलून पाणी भरलं असं इथं पिढ्यानपिढ्या सांगतात. आज त्याला तलाव म्हणतात, पाणी उतरलं की मधला संध्यामठ उघडा पडतो, काठावर 1931 ते 1934 मधे बांधलेला शालिनी पॅलेस आहे, आणि हॉटेलांच्या पाट्यांवर 'लेक व्ह्यू' असतं. पण घरात कुणी "रंकाळा लेकला जाऊ" म्हणत नाही, "रंकाळ्यावर जाऊन येऊया की" एवढंच म्हणतात, नावातच तळं आलं, वेगळं सांगायची गरज नाही.

कळंबा तलाव आणि राजाराम तलाव हे तलावच. राधानगरीला भोगावती नदीवर शाहू महाराजांनी सुरू केलेल्या कामाचं पाणी कागदोपत्री लक्ष्मी तलाव आहे, लोकांच्या तोंडी मात्र ते राधानगरी धरण, कारण पावसाळ्यात सगळ्यांचं लक्ष त्याच्या सात स्वयंचलित दरवाजांकडे असतं, इंग्रजीत इथं लेकपेक्षा रिझर्व्हॉयर बरोबर बसतो. पन्हाळ्यावर सादोबाचं तळं आहे, तिथे तलाव म्हटलं तर कानाला खटकतं. तळं हा शब्द जवळिकीचा आहे, म्हणीत पण तोच आला, तळे राखील तो पाणी चाखील.

कोल्हापुरात अजून एक शब्द लेकच्या जागी येतो तो म्हणजे तीर्थ. कोटितीर्थ अजून आहे, 1906 मधे उभ्या राहिलेल्या शाहू मिलच्या शेजारी. कपिलतीर्थ होतं तिथं आता भाजी मंडई आहे आणि लोक रोज "कपिलतीर्थला जाऊन भाजी आणतो" म्हणतात, नव्या पोरांना तिथं कधी पाणी होतं हे सांगूनही पटत नाही. पेटाळ्यात पण तळं होतं, आता मैदान. ही तळी बुजवली याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण या नावांना इंग्रजी प्रतिशब्दच नाही, भाषांतरात 'लेक' लिहिलं की स्नान, पायऱ्या, देऊळ सगळं गळून जातं.

तळं या शब्दाचा एक वापर असा आहे की जो इंग्रजी लेकला सहसा जमत नाही. पाऊस पडून रस्त्यात, अंगणात पाणी साठलं की मराठीत "तळं झालं" किंवा "तळं साचलं" म्हणतात. शिवाजी पेठेतलं गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ, ते बुजवून सपाट केलं, तरी उतारावरचं पाणी आपली जुनी वाट सोडत नाही आणि मोठा पाऊस झाला की तिथे गुडघाभर पाणी उभं राहतं, आणि पेठेतली माणसं तेच म्हणतात, गांधी मैदानाचं तळं झालं.