विकासात्मक मानसशास्त्र : संकल्पना व वाद

गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाच्या विचारशक्तीत, भाषेत, भावनांत आणि वर्तनात क्रमाने घडणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा. अनुवंश श्रेष्ठ की परिस्थिती, हा तिच्यातील सर्वांत जुना वाद त्या रूपात आता फारसा कोणी घालत नाही. दोहोंची आंतरक्रिया कशी घडते, एवढाच प्रश्न उरला आहे.

अवस्थांविषयीचा वाद मात्र मिटलेला नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांच्या मते बौद्धिक विकास चार अवस्थांतून ठरावीक क्रमानेच होतो. मातीचे दोन सारखे गोळे दाखवून त्यांतला एक डोळ्यांदेखत वळून लांबट केला, तर चार-पाच वर्षांचे मूल बहुधा लांबट वळीत माती जास्त असल्याचे सांगते. साधारणपणे सातव्या वर्षानंतर त्याला माती तेवढीच असल्याचे उमगते. परंतु १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या मेक्सिकोतील एका अभ्यासात कुंभारांची मुले मातीच्या या कसोटीत इतर मुलांपेक्षा सरस ठरली. गोव्यात डिचोलीच्या कुंभारवाड्यात किंवा चतुर्थीपूर्वी गजबजणाऱ्या, गणेशमूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेत, चिकणमाती मळणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मांडीशी बसून लहान गोळे वळणाऱ्या मुलांची अशी चाचणी उद्बोधक ठरावी. अवस्थांचा क्रम टिकला तरी त्यांची वये अनुभवानुसार सरकतात, असे मानणे सयुक्तिक दिसते.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी विकासाच्या सामाजिक बाजूवर भर दिला : मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांतील अंतरातच शिकणे घडते.

भाषेच्या बाबतीत भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ मध्ये भाषाग्रहणाचा निर्णायक काळ, म्हणजे ज्या वयातच भाषा सहज आत्मसात होते तो काळ, वयात येण्याच्या सुमारास संपतो, असे प्रतिपादन केले. पुढे अनेक अभ्यासकांनी त्याऐवजी हळूहळू ओसरणारा 'संवेदनशील काळ' मानला. दोन भाषांमुळे मुलाची बुद्धी खुंटते, हा जुना समज माँट्रियलमधील १९६२ च्या अभ्यासाने हादरला. घरी कोंकणी, कीर्तन-नाटकांतून मराठी आणि शाळेत इंग्रजी ऐकणारे गोमंतकीय मूल एका वाक्यात तिन्ही भाषा मिसळते, तेव्हा तो गोंधळ नसून बहुभाषिक मुलांत सर्वत्र आढळणारी सामान्य रीत असते. गोव्यातील प्राथमिक शिक्षणाच्या माध्यमाचा वाद मात्र एवढ्याने सुटत नाही, कारण त्यात अनुदान, अस्मिता आणि पालकांच्या आकांक्षाही गुंतलेल्या आहेत.