महिन्यातून एकच इंजेक्शन : मॅरीटाइडच्या आकड्यांमागची गोष्ट

आत्याच्या फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याच्या बरणीला टेकून, वजनाच्या इंजेक्शनचा खोका उभा असतो. दर रविवारी अंघोळ झाली की ती तो बाहेर काढते, चष्मा लावून तारीख वाचते आणि पोटावर टोचून घेते. मागे एकदा म्हणाली, "अरे, ते महिन्यातून एकदाच घ्यायचं निघालंय ना? ते कधी येणार?" प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधताना मी थेट १९४९ सालच्या एका जाड्या उंदरापाशी जाऊन पोहोचलो.

आत्या ज्याबद्दल विचारत होती त्या औषधाचं नाव मॅरीटाइड. अमेरिकेतली ॲम्जेन ही कंपनी ते तयार करते आहे. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीचा शोधनिबंध फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. सर्वांत मोठा डोस चार-चार आठवड्यांनी दिलेल्या गटाचं वजन ८५व्या दिवशी सरासरी १४.५ टक्के घटलं होतं. इंजेक्शनं थांबल्यावरही पुढचे काही महिने वजन बऱ्यापैकी आटोक्यात राहिलं. बातम्यांनी हेच उचललं. एकेका डोसच्या गटात अगदी मोजकी माणसं होती, ही गोष्ट मात्र मथळ्यात येत नाही. पहिला टप्पा असतो तो औषध माणसाला सोसतं का, किती सोसतं, हे बघायला. वजन किती घटलं ते त्यात ओघाने मोजलं जातं, इतकंच.

दुसऱ्या टप्प्यात ५९२ जण होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की मधुमेह नसलेल्यांचं वजन ५२ आठवड्यांत सुमारे २० टक्क्यांपर्यंत घटलं. कोणत्याही डॉक्टरला दहा वर्षांपूर्वी हा आकडा सांगितला असता तर त्याने हसून विषय बदलला असता. शेअर बाजाराची प्रतिक्रिया मात्र उलटी, ॲम्जेनचा भाव घसरला. बाजाराने याहून मोठ्या आकड्याची आशा धरली होती. जून २०२५ मध्ये सविस्तर निबंध छापून आला. त्यात मधुमेह नसलेल्या गटांची घट १२.३ ते १६.२ टक्के आणि औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्या तुलनेच्या गटाची २.५ टक्के अशी नोंद आहे.

मग २० टक्के कुठे गेले? कुठेही गेले नाहीत. हिशोबाच्या पद्धती दोन आहेत. सगळ्यांनी औषध ठरल्याप्रमाणे शेवटपर्यंत घेतलं असतं तर किती फरक पडला असता, ही एक. चिठ्ठ्या टाकून ज्यांना ज्यांना त्या गटात घेतलं त्या सगळ्यांचा, म्हणजे उलट्यांना कंटाळून मधेच सोडून गेलेल्यांचाही हिशोब, ही दुसरी. दोन्ही आकडे खरेच. फक्त पहिला आकडा बहुधा कंपनीच्या पत्रकात वर असतो आणि दुसरा माझ्या आत्याच्या जास्त कामाचा असतो, कारण ती गोळ्यासुद्धा महिन्यातले चार दिवस विसरते.

ॲम्जेन या खेळात नवखी नाही, आणि ती जुनी गोष्ट उंदरांपासून सुरू होते. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर असे जन्मले की ते खातच सुटायचे आणि नेहमीच्या उंदरांच्या दुप्पट-तिप्पट वजनाचे व्हायचे. पुढे त्याच प्रयोगशाळेत आणखी एक जाडी जात सापडली. डग्लस कोलमन यांनी एक अघोरी वाटेल असा प्रयोग केला. दोन उंदरांची शरीरं शिवून त्यांचं रक्त एकमेकांत फिरू दिलं. दुसऱ्या जातीचा जाडा उंदीर साध्या उंदराला जोडला की साधा उंदीर अन्न समोर असूनही खाईना आणि उपासमारीने मरे. कोलमन यांनी अर्थ लावला तो असा : जाड्याच्या रक्तात 'पुरे आता' सांगणारं काहीतरी भरपूर आहे, फक्त ते त्याचं त्यालाच ऐकू येत नाही.

ते 'काहीतरी' १९९४ च्या डिसेंबरात रॉकफेलर विद्यापीठाच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं. ग्रीक भाषेतल्या 'बारीक' या अर्थाच्या शब्दावरून त्याला लेप्टिन म्हणायचं ठरलं. चरबीच्या पेशीच हे संप्रेरक सोडतात. ते टोचल्यावर पहिल्या जातीचे जाडे उंदीर सडपातळ झाले, आणि ते फोटो जगभर छापले गेले. ॲम्जेनने विद्यापीठाला दोन कोटी डॉलर देऊन हक्क घेतले. तेव्हा वाटत होतं की लठ्ठपणाचा प्रश्न सुटलाच.

माणसांवरच्या चाचणीचे निकाल १९९९ मध्ये आले. सर्वांत मोठ्या डोसच्या गटाचं वजन २४ आठवड्यांत सरासरी ७.१ किलो घटलं. त्या गटात शेवटी उरली होती आठ माणसं. रोज टोचायचं, टोचल्या जागी सूज यायची, आणि कुणाला लाभ होईल ते सांगता येत नव्हतं. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन मुळात भरपूरच असतं. म्हणजे आपली गत पहिल्या उंदराची नव्हे, दुसऱ्याची निघाली. जन्मतःच लेप्टिन तयार होत नाही अशी मोजकी मुलं मात्र खरोखर सुधारली. केंब्रिजच्या सदफ फारूकी आणि स्टीफन ओ'राहिली यांनी ९ वर्षांच्या, ९४ किलोच्या एका मुलीवर उपचार केले तेव्हा तिची भूक काही दिवसांतच ताळ्यावर आली. पण अशा मुलांवर बाजारपेठ उभी राहत नाही. ॲम्जेनने २००६ मध्ये लेप्टिनचे हक्क ॲमिलिन या कंपनीला देऊन टाकले.

लेप्टिन निदान निरुपद्रवीपणे फसलं. या क्षेत्रातली बाकीची फसगत इतकी साधी नव्हती. १९३३ मध्ये स्टॅनफर्डमध्ये डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजनासाठी वापरायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत ते हाताळणारे कामगार वाळत जायचे, तापाने फणफणायचे. ते पेशीतलं इंधन नुसतं उष्णतेत उडवून लावतं. वजन खरंच उतरायचं. काहींचा देह आतून तापून जीव जायचा आणि अनेक बायकांना ऐन तारुण्यात मोतीबिंदू व्हायचे. १९३८ चा अमेरिकी औषध कायदा आला तेव्हा कुठे ते दुकानातून गेलं. मग ॲम्फेटामिनची पाळी आली. भूक मरायची, झोपही मरायची. रंगीबेरंगी गोळ्यांच्या पुड्या १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत चालल्या.

तरी पहिल्या आकड्यांबद्दल धडा घ्यायचा तर तो फेन-फेनचा. फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन ही दोन जुनी औषधं. रॉचेस्टर विद्यापीठाच्या मायकल वाइनट्रॉब यांनी ती एकत्र देऊन बघितली आणि १९९२ मध्ये निकाल छापले : १२१ माणसं, ३४ आठवडे, वजनात १५.९ टक्के घट, तुलनेच्या गटात ४.९ टक्के. अभ्यास नीट केलेला होता, खोटं त्यात काहीच नव्हतं. पण ही जोडी म्हणून तिला सरकारी मंजुरी कधीच नव्हती. डॉक्टर आपल्या अधिकारात दोन चिठ्ठ्या लिहून देत. १९९६ मध्ये अमेरिकेत अशा १ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या.

मग उत्तर डाकोटातल्या फार्गो शहरात हृदयाचा इको, म्हणजे सोनोग्राफी, काढणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. चाळिशीतल्या बायका, हृदयाचा पूर्वी कसलाच त्रास नाही, आणि झडपा मात्र पांढऱ्या, जाड, नीट मिटत नसलेल्या. मेयो क्लिनिकने अशा २४ बायकांची माहिती १९९७ च्या उन्हाळ्यात जाहीर केली. त्यानंतर औषध घेणाऱ्या, पण कसलीही तक्रार नसलेल्या २९१ जणांचे इको तपासले तर सुमारे ३० टक्क्यांच्या झडपांत दोष दिसला. १५ सप्टेंबर १९९७ रोजी फेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. त्याचं रासायनिक भावंड, आदल्याच वर्षी मंजूर झालेलं, तेही गेलं. कारण नंतर सापडलं. भूक मारणारा सेरोटोनिन या रसायनाचा जो खटका मेंदूत दाबला जात होता त्याचाच एक चुलत प्रकार हृदयाच्या झडपांवर होता.

वाइनट्रॉबच्या १२१ जणांत हे का दिसलं नाही? इको कुणी काढलेच नव्हते. काढायचं कारणही नव्हतं. जे शोधायला तुम्ही गेलाच नाहीत ते चाचणी आपण होऊन दाखवत नाही.

पुढची दोन नावं थोडक्यात. सिब्युट्रामिन १९९७ मध्ये मंजूर झालं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो हे मोठ्या चाचणीत दिसल्यावर २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून गेलं. रिमोनाबांट युरोपात २००६ मध्ये आलं आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये थांबवलं गेलं. अमेरिकेच्या सल्लागारांनी त्याला दारातच अडवलं होतं. वजन दोन्हींनी घटत होतं.

आज आत्याच्या फ्रीजमध्ये असलेलं औषध, टिर्झेपाटाइड, या रांगेतलं नाही, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण त्याचं कुळ. ते वजनासाठी जन्मलंच नाही. आतड्यातून जेवणानंतर सुटणारं जीएलपी-१ हे संप्रेरक १९८० च्या दशकात बॉस्टनमध्ये जोएल हॅबेनर आणि स्वेतलाना मोइसोव्ह, कोपनहेगनमध्ये येन्स युल होल्स्ट यांच्या कामातून पुढे आलं. इन्सुलिन वाढवतं, पोट सावकाश रिकामं करतं, भूक शमवतं. अडचण एकच, रक्तात ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. पुढची सगळी गोष्ट या दोन मिनिटांचं काय करायचं याची आहे. ब्राँक्सच्या सरकारी रुग्णालयातले जॉन एंग गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याचं विष तपासत होते. त्यात १९९२ मध्ये त्यांना जवळजवळ तसंच, पण टिकाऊ द्रव्य सापडलं. त्यातून ॲमिलिनने, हो, तीच ती लेप्टिन घेणारी, लिली कंपनीबरोबर एक्झेनाटाइड आणलं. ते २००५ मध्ये मंजूर झालं, दिवसातून दोनदा टोचायचं. डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्कमध्ये लोटे ब्येर क्नुडसेन यांच्या गटाने रेणूला चरबीचं शेपूट लावलं, म्हणजे तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहील. लिराग्लुटाइड दिवसातून एकदा, सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदा.

म्हणजे २०२१ मध्ये १,९६१ जणांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत १४.९ टक्के वजन घटवल्याचं छापून आलं, तेव्हा या कुळाला मधुमेहींच्या शरीरात राहून दीड दशक झालं होतं. मग २०२३ मध्ये १७,६०४ जणांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. फेन-फेनच्या अगदी उलट दिशेला.

मॅरीटाइडची एक बाजू याच कुळातली आहे. दुसरी नवी आहे. जीआयपी नावाचं आतड्याचं आणखी एक संप्रेरक असतं. आत्या घेते ते टिर्झेपाटाइड त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा खटका, चालू करतं आणि ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरवतं. मॅरीटाइड तोच रिसेप्टर बंद करतं, तरीही वजन उतरतं. एकाने दिवा लावला, दुसऱ्याने विझवला, आणि दोघांच्याही खोलीत उजेड! बंद करण्याची कल्पना हवेतली नव्हे. जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की हा रिसेप्टर नसलेले उंदीर तुपकट खाऊनही जाड होत नाहीत. ॲम्जेनने एक अँटिबॉडी घेतली, जी रिसेप्टर अडवते आणि आठवडेच्या आठवडे रक्तात राहते, आणि तिला जीएलपी-१ सारखे दोन तुकडे जोडले. महिन्याचं अंतर साधलं ते यामुळे. त्याची दुसरी बाजूही आहे. आठवड्याचं इंजेक्शन सोसलं नाही तर पुढच्या रविवारी टाळता येतं, महिन्याचं एकदा आत गेलं की उलट्या होवोत न होवोत, ते आपल्या वेळेनेच उतरणार.

नोव्हेंबर २०२४ मध्ये, मोठा निकाल यायच्या आधी दोन आठवडे, एका विश्लेषकाने पहिल्या टप्प्याच्या पुरवणी माहितीतून हाडांच्या घनतेचे आकडे शोधून काढले. मोठ्या डोसला ती घटलेली दिसत होती. शेअर एका दिवसात खाली आला. त्या आकड्यांवरून हाडांना धोका आहे असं म्हणता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं. मोजक्याच माणसांवरून दोन्ही बाजूंनी भांडता येतं, ही पहिल्या टप्प्याची गंमत.

हाडं आणि स्नायू हा विषय आपल्याकडे जरा जास्तच जवळचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. शेजारी शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार, स्नायू कमी, हा आपला घाट. म्हणूनच भारतीयांसाठी स्थूलतेची रेघ ३० ऐवजी २५ वर ओढली जाते. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत काही जणांची शरीररचना मोजली तेव्हा गेलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीचा नव्हताच. युडकिन यांच्या बांध्याला हे परवडेल. याज्ञिकांच्या बांध्याला किती, हे वजनकाटा सांगत नाही.

भारतात टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये आलं, अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजारांना. मॅरीटाइडचा तिसरा टप्पा त्याच महिन्यात सुरू झाला. त्यात दुसऱ्या टप्प्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं आहेत आणि मुदत ७२ आठवड्यांची. डोस या वेळी पायरीपायरीने चढवला जातो आहे, कारण दुसऱ्या टप्प्यात थेट मोठा डोस मिळालेल्यांना उलट्यांनी हैराण केलं होतं.

आत्याला मी सांगितलं, अजून वेळ आहे. ती म्हणाली, "मग रविवार चुकायला नको म्हणजे झालं," आणि खोका परत बरणीशेजारी ठेवला.