'मेल गयात ना भो': ईमेल प्रोग्रॅममधल्या बगच्या नोंदींमागचा इतिहास

ऐन कापसाच्या हंगामात धुळ्यातल्या एका जिनिंगच्या ऑफिसातून मुनीमजींचा फोन आला. बोलले एवढंच, "मेल गयात ना भो!" पोचलो तेव्हा इनबॉक्स खरोखर कोरा. गाठींचे भाव, ट्रकचे नंबर, बिलं, काहीच दिसेना. अर्ध्या तासापूर्वी लाइट गेली होती आणि मेल उतरत असतानाच कॉम्प्युटर बंद पडला होता. फोल्डरमध्ये शोधलं, तर मेलची मोठी फाइल जागच्या जागी होती. बिघडली होती ती तिची अनुक्रमणिका. ती नव्याने तयार करायला लावली आणि सगळे मेल परत दिसले. मेलचा प्रोग्रॅम थंडरबर्ड, आणि तो ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कोणालाही पाहता येतो, म्हटल्यावर मुनीमजींनी विचारलं, "मंग हे त्यांना सांगायचं कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर 1998 पासून सुरू होतं. त्या वर्षी 31 मार्चला नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प उभा राहिला. कोड खुला झाला की तक्रारीही जगभरातून येणार, म्हणून त्याच कंपनीतल्या टेरी वाइसमन यांनी बगझिला ही 'बग'ची, म्हणजे प्रोग्रॅममधल्या बिघाडांची, ऑनलाइन नोंदवही तयार केली. तोवर तक्रार कंपनीच्या आतच राहायची. आता प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला, आणि ती कुणाकडे आहे, कुठे अडली आहे, हे कोणालाही पाहता येऊ लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी गोष्ट हीच.

थंडरबर्ड याच घरातला. 2003 मध्ये त्याच्या पहिल्या चाचणी आवृत्त्या आल्या, आधी त्याचं नाव मिनोटॉर होतं, 1.0 आवृत्ती डिसेंबर 2004 मध्ये आली.

बगझिलामधले शेरे वाचण्यासारखे असतात. 'डुप्लिकेट' म्हणजे हे आधीच कुणी सांगितलंय. 'वर्क्स फॉर मी' म्हणजे माझ्याकडे तर नीट चालतंय. हा दुसरा शेरा आपल्याकडच्या माणसाला फार लागतो. अखंड वीज आणि वेगवान नेट असलेल्या टेबलावर तो बिघाड दिसणारच नाही. शिरपूर किंवा रावेरला, मोठं स्कॅन उतरत असताना लाइट गेली, की दिसेल. म्हणून तक्रार नोंदवायचा अर्ज तीन गोष्टी विचारतो: काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. 'मेल गेले' यात पहिलं आणि तिसरं नाहीच. दुरुस्ती करणाऱ्याला तो बिघाड स्वतःच्या मशीनवर पुन्हा घडवता आला, तरच कोडमधली चुकीची जागा सापडते.

2012 मध्ये मोझिलाने थंडरबर्डवरचं आपलं काम आवरतं घेतलं. पुढची काही वर्षं सुरक्षा दुरुस्त्या तेवढ्या नेमाने येत, बाकीचा भार बराचसा स्वयंसेवकांवर. नोंदी मात्र उघड्याच राहिल्या, त्यामुळे नव्याने आलेल्या माणसालाही जुना धागा उचलता आला. 2020 मध्ये प्रकल्प एमझेडएलए टेक्नॉलॉजीज या मोझिला फाउंडेशनच्या कंपनीकडे गेला. पैसा मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांचा; 2022 मध्ये तो 60 लाख डॉलरच्या वर गेला. 2023 च्या 115 आवृत्तीत जुन्या कोडचा बराच भाग नव्याने बांधला गेला.

त्या दिवशी मुनीमजींना शेजारी बसवून मी विचारत गेलो. लाइट किती वाजता गेली? त्या वेळी कुठलं मेल उतरत होतं? अटॅचमेंट केवढी होती? पुन्हा चालू केल्यावर आधी काय दिसलं? त्यांना सगळं आठवत होतं, पार ट्रकच्या नंबरापर्यंत. त्या प्रोग्रॅमच्या नोंदींमध्ये शोधलं तर असाच बिघाड आधीच कुणीतरी मांडलेला होता. त्याच्याखाली आम्ही धुळ्याच्या चार ओळी जोडल्या.