हाडाची मूठ घेताय? आधी हे वाचून घ्या

आमच्या फोल्डिंग चाकूची खाचाखाचांची तपकिरी मूठ बघून बरेच जण विचारतात, हे सांबरशिंग का? नाही. सांबर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या शिंगाला आम्ही हात लावत नाही. हे म्हशीच्या पायाच्या नळीचं हाड आहे, हे स्पष्टच सांगतो, कारण काहींना घरात हाड चालत नाही, त्यांच्यासाठी तोच चाकू शिसवी मुठीत मिळतो.

शिंगाचा खडबडीतपणा हाडावर कोरायची पद्धत जुनी आहे, इंग्लंड-अमेरिकेतल्या चाकूवाल्यांची. पेनसिल्व्हेनियातली केस (Case) ही चाकूंची कंपनी आजही ब्राझीलच्या झेबू गुरांचं हाड वापरते आणि ती वशिंडवाली गुरं मूळची आपल्याकडचीच, गीर, ओंगोल वगैरे.

हाड उकळून आतली चरबी पूर्ण काढावी लागते, ती राहिली की रंग नीट धरत नाही आणि पुढे डाग वर येतात. मग पट्ट्या कापून, चांगल्या वाळवून, फिरत्या कटरखाली पट्टी थोडी थोडी सरकवत खाचा पाडायच्या, यालाच जिगिंग म्हणतात, आणि नंतर गरम रंगात बुडवायच्या. आता खरी गंमत अशी की नळीचं हाड भलतं घट्ट असतं, रंग वरच्या थरातच बसतो. पॉलिश करताना उंचवट्यावरचा रंग निघून मधाळ होतो, खाचेतला गडद राहतो. मुठीला जी खोली दिसते ती यामुळेच, आणि म्हणूनच आम्हाला हे मटेरियल इतकं आवडतं.

पण त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या रंगाच्या येत नाहीत, एकाच हाडाच्या असल्या तरी. कडेला फिकट पट्टा दिसला तर तोही दोष नाही. प्लीज घरी सँडपेपर मारू नका, खालून पांढरं हाड उघडं पडतं. हाड खरं का प्लास्टिक बघायचंय? भिंग घ्या, खाच नसलेल्या जागी बारीक ठिपके किंवा रेघा दिसतील, ती रक्तवाहिन्यांची छिद्रं, प्लास्टिकला ती नसतात. तापलेली सुई टोचून बघू नका, डाग कायमचा राहतो.

वापरून झालं की ओल्या फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. पाण्यात भिजत ठेवू नका, डिशवॉशर तर अजिबात नाही, आणि उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, हाड फुगतं-आकसतं आणि पट्टी धरून ठेवणाऱ्या पिनपाशी तडकतं. अधूनमधून मिनरल ऑइलचा एक थेंब चोळा, खोबरेल नको, ते खवट होतं.

पिनशेजारी केसासारखी चीर दिसली तर सुपरग्लू ओतू नका, पट्टी तिच्याखालच्या पितळेच्या पत्र्याला चिकटली की काढताना तुटतेच. तसाच आमच्याकडे पाठवा, पट्टी बदलून देतो, फक्त नवीन पट्टीचा रंग जुनीशी पूर्ण जुळणार नाही.