आय ॲम अ मॅन

अमेरिकेतील मेम्फिस (टेनेसी) येथील १९६८ च्या सफाई कामगार संपातील फलक व त्यावरील घोषवाक्य. कृष्णवर्णीय पुरुषत्वाच्या चर्चेत त्याचा हवाला हमखास येतो. ‘मी माणूस आहे’ असा अनुवाद केला, की ‘मॅन’मधला बाप्या माणूस गळून पडतो; ‘मी पुरुष आहे’ म्हटले तर माणूसपण मागे राहते. संपकऱ्यांना दोन्ही अर्थ अभिप्रेत असावेत.

फलकाचा रोख ‘बॉय’ या संबोधनावर होता. गुलामगिरीच्या काळापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय पुरुषाला, तो चार लेकरांचा बाप असला तरी, ‘बॉय’ म्हणत. केस पिकले की ‘अंकल’. ‘मिस्टर’ सहसा वाट्याला येत नसे. गुलामगिरी संपल्यावर (१८६५) या पोरकट, आज्ञाधारक प्रतिमेशेजारी हिंस्र, वासनांध पुरुषाची प्रतिमा बळावली आणि झुंडहत्यांच्या समर्थनार्थ वापरली गेली. अशा बहुतेक हत्यांत बलात्काराचा आरोपसुद्धा नसतो, हे कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९० च्या दशकातच दाखवले होते.

घोषवाक्याचे जनकत्व वादग्रस्त आहे. अनेक लेखक ते कामगार संघटनेचे विल्यम लूसी व क्लेबॉर्न टेंपल या चर्चचे पाद्री माल्कम ब्लॅकबर्न यांना देतात. दुसरे मत ब्रिटनमधील गुलामगिरीविरोधी चळवळीच्या १७८७ च्या वेजवूड पदकाकडे बोट दाखवते. त्यावर साखळदंडातला, गुडघे टेकलेला गुलाम ‘मी माणूस आणि बंधू नव्हे काय?’ असे विचारतो. साम्य उघड आहे. मात्र तिथे आर्जव आहे, इथे ठाम विधान, आणि ‘ॲम’खाली रेघ. थेट उसनवारीपेक्षा दूरचा वारसा मानणे अधिक सयुक्तिक. छपाईचा नेमका दिवसही निश्चित सांगता येत नाही. मार्चच्या उत्तरार्धातील छायाचित्रांत फलक मोठ्या संख्येने दिसतात.

संपाचे निमित्त १ फेब्रुवारीचा अपघात. पावसात गाडीच्या मागच्या भागात आसऱ्याला बसलेले एकोल कोल व रॉबर्ट वॉकर कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाल्याने चिरडले गेले. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगार कामावर आले नाहीत.

२८ मार्चच्या मोर्चात फलक लाकडी काठ्यांवर ठोकलेले होते. काही तरुणांनी त्याच काठ्यांनी दुकानांच्या काचा फोडल्या, पोलिसांनी लाठीमार व अश्रुधूर वापरला, आणि १६ वर्षांचा लॅरी पेन पोलिसाच्या गोळीने ठार झाला. दुसऱ्या दिवशी काठ्या गेल्या. फलक दोरीने गळ्यात आले. नॅशनल गार्ड या राखीव लष्करी दलाच्या संगिनींसमोरून एका रांगेत चालणाऱ्या पुरुषांची छायाचित्रे त्या दिवशीची. २८ तारखेचे क्लेबॉर्न टेंपलसमोरचे प्रसिद्ध छायाचित्र अर्नेस्ट विदर्स यांचे (ते एफबीआय या केंद्रीय तपास यंत्रणेचे खबरी असल्याचे २०१० मध्ये उघड झाले).

कुटुंब पोसणारा पुरुष हीच प्रतिष्ठेची कसोटी ठरल्याने स्त्रिया झाकल्या गेल्या, हा आक्षेप रास्त वाटतो. कॉर्नेलिया क्रेनशॉ यांच्यासारख्या कार्यकर्त्या संपात आघाडीवर होत्या. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची मेम्फिसमध्येच हत्या झाली. १६ एप्रिलच्या तडजोडीत संघटनेला मान्यता व वेतनवाढ मिळाली.